तुम्ही क्लच सोडलात

नेरूळच्या बाजूला गाडी शिकायची म्हटलं की जुनी माणसं अजून धर्मा मढवीचं नाव सांगतात. शिरवण्याचा धर्मा. वय सेहेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, आणि डावा हात कोपरापर्यंत उजव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा. अठरा वर्षं शिकणाऱ्याच्या बाजूच्या सीटवर बसून तो हात खिडकीबाहेर ठेवल्याचा तो परिणाम.

त्याआधी तो गावामागच्या एमआयडीसीत एका कंपनीचा टेम्पो चालवायचा. कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा अंकुशशेठनं त्याला आपल्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये बोलावलं. पहिल्याच महिन्यात शेठच्या लक्षात आलं की हा माणूस ओरडत नाही. समोर रिक्षा आडवी आली, शिकणाऱ्यानं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, तरी धर्मा आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायचा आणि म्हणायचा, "काय नाय झालं. टेन्शन नाय घ्यायचं. परत." बायका मुद्दाम त्याचं नाव सांगून यायच्या. नवऱ्याकडून शिकताना रडलेल्या, भावाकडून शिकताना भांडलेल्या, अशा सगळ्या. आणि गेल्या अकरा वर्षांत धर्माकडे शिकलेलं एकही माणूस आरटीओच्या टेस्टला पहिल्या फेरीत नापास झालं नव्हतं. अंकुशशेठ हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. धर्मा मान खाली घालून हसायचा, पण ते त्याला फार आवडायचं.

गेल्या वर्षी मार्चात, ऊन तापायला लागल्यावर, त्याच्या पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दोन दिवसांनी सीवूड्सजवळ गाडी उभ्या उभ्या बंद पडली आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू झाली. धर्मा ती हितेशकडे घेऊन गेला. हितेश त्याचा शाळेतला दोस्त, एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. त्यानं गाडीला स्कॅनर लावला, पडद्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "क्रँक सेन्सर गेलाय. इंजिन फिरतंय किती, ते हा सेन्सर गाडीला सांगतो. गरम झाला की मुका होतो. मग गाडीला वाटतं इंजिन थांबलंय, ती पेट्रोल बंद करते. थंड झाला की परत बोलतो."

"मग?"

"मग काय, बदलायचा. पार्ट मागवतो. दोन दिवस गाडी ठेव."

त्या आठवड्यात धर्माच्या सहा जणांची टेस्ट होती. दोन दिवस गाडी उभी ठेवायची म्हणजे सगळ्यांच्या वेळा मोडायच्या, अंकुशशेठला सांगायचं, शेठ नाक मुरडणार. "पुढच्या सोमवारी आणतो," धर्मा म्हणाला. "तोवर दिवा तेवढा घालव." हितेशनं दिवा घालवला. "पण सोमवारी आण हां. मजा नाय ही." धर्मानं मान डोलावली. सोमवार आला, गेला. गाडी बरी चालत होती. दिवा परत लागला तेव्हा तो त्याच्याकडे बघेनासा झाला.

त्याच दिवसांत पुतळा कोळी शिकायला आली.

उरणजवळच्या मोऱ्याची बाई. बंदरावर मासळी घ्यायची आणि खारघरच्या सोसायट्यांमध्ये विकायची, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. नवरा कान्हा व्हॅन चालवायचा, ती मागच्या दारात बसून मासळी कापून द्यायची. दोन वर्षांपूर्वी कान्हाचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून ती भाड्याच्या ड्रायव्हरवर होती, आणि ड्रायव्हर आठवड्यातून दोन दिवस फोनच उचलत नसे. बर्फातली पापलेटं घेऊन बाई दारात उभी राहायची आणि व्हॅन अंगणात.

"मावशी, उरणला पन स्कूल हायत. एवढ्या लांब कशाला आल्या?" धर्मानं पहिल्या दिवशी विचारलं. तिची बोली ऐकून त्याच्याही तोंडात घरची बोली आली होती.

"मावशी कोनाला बोलतंस? चार-पाच वर्सांनी मोठी असंन तुज्यापेक्षा. ताई बोल." तिनं सीट पुढे ओढली. "आनि उरनला शिकले त सगली जेट्टी बगाया येल. पयले शिकते, मंग दाखवते त्यांना."

सकाळचा लिलाव उरकून, नेरूळला यायला तिला अकरा वाजायचे. म्हणून तिला शेवटची वेळ दिली. सहा वाजल्यापासून चार जणांनी फिरवलेली गाडी तिच्या हाती यायची, इंजिन तापलेलं, वर ऊन.

पहिले चार दिवस तिनं गाडी छान चालवली. तिचा हात घट्ट होता, नजर लांब जायची. वीस वर्षं नवऱ्याच्या मागे बसून तिनं रस्ता वाचायला शिकून घेतलं होतं. धर्मा मनात म्हणाला, ही पंधरा दिवसांत तयार.

पाचव्या दिवशी नेरूळ स्टेशनजवळच्या सिग्नलला ती थांबली. क्लच पूर्ण दाबलेला, गिअर पहिला, डोळे लाल दिव्यावर. आणि इंजिन बंद झालं.

ट्रेनिंगच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. दोन्ही क्लच सळीनं जोडलेले असतात. शिकणाऱ्यानं दाबला की मास्तरच्या पायाखालचाही खाली जातो. धर्माचा डावा पाय सवयीनं त्यावर टेकलेला असायचा. त्या क्षणी तो क्लच तळाला होता. जराही वर आलेला नव्हता. हे त्याच्या पायाला कळलं, आणि पायानं त्यालाही सांगितलं.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. पुतळानं चावी फिरवली, गाडी घरघरली पण लागेना. बस अगदी पाठीला येऊन टेकली. बाजूनं जाणारा एक बाइकवाला ओरडला, "आंटी, घरी भांडी घासा!" चौकातला हवालदार चालत आला आणि खिडकीत वाकला. "काय झालं?"

"शिकणारी हाय, साहेब," धर्मा म्हणाला. "क्लच सोडला."

ते इतकं सहज तोंडातून आलं की त्याचं त्यालाच जाणवलं नाही. जगातले सगळे मास्तर दिवसातून दहा वेळा हेच वाक्य बोलतात. हवालदार हसला, मागची बस थांबवली, आणि गाडी ढकलून कडेला घेतली.

पुतळाचा चेहरा उतरला होता. "मी दाबून धरला व्हता, मास्तर," ती हळूच म्हणाली.

तेव्हा त्याला सांगता आलं असतं. अगदी तेव्हाच. गाडीत दोघंच होती. पण हवालदारासमोर एकदा बोललेलं त्याला मागे घ्यावंसं वाटलं नाही. "असं वाटतं ताई, दाबलाय असं वाटतं. पाय नकळत वर येतो," तो म्हणाला. "तुम्ही क्लच सोडलात. काय नाय झालं. टेन्शन नाय घ्यायचं."

तो हे नेहमीच्याच, मायेच्या आवाजात बोलला. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

"चुकले," पुतळा म्हणाली.

त्यानंतर गाडी तिच्या हातून आठवड्यातून तीन-चारदा बंद पडायला लागली. सकाळच्या पोरांच्या हातात ती नीट असायची. अकराच्या उन्हात तिच्या हातात आली की कुठंतरी गचकायची. दर वेळी पुतळा म्हणायची, "चुकले," आणि धर्मा म्हणायचा, "काय नाय." आता त्याला 'तुम्ही सोडलात' म्हणायचीही गरज उरली नव्हती. तिनंच ते मान्य केलं होतं. ऑफिसातला दुसरा शिकवणारा निखिल तिला 'बंद ताई' म्हणायला लागला. "आल्या का बंद ताई?" तो विचारायचा, आणि धर्मा हसायचा. हसू नये असं त्याला वाटायचं, पण न हसण्याला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

एक दिवस ती गाडीत बसताना कण्हली. डाव्या गुडघ्यावर पट्टी होती.

"काय झालं, ताई?"

"काय नाय. रोज सांजच्याला आमच्या व्हॅनीत बसते नं, गाडी बंद ठेवून. क्लच दाबते आनि सोडते. दाबते आनि सोडते. दोनशे येला. आमचा मानूस खुर्चीत बसून मोजतं." ती हसली. "गुडगा सुजला मेला. पन पाय वलनावर येल आता."

धर्मानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर टँकरमधून झाडांना पाणी घालत होते. त्याच्या मनात आलं, आत्ता हितेशकडे जाऊ, आजच्या आज बदलून घेऊ, आणि उद्यापासून हिच्या हातात गाडी चालेल. मग हिला वाटेल पाय वळणावर आला. सांगायचीही गरज नाही. हा विचार त्याला बराही वाटला आणि किळसवाणाही. पण तोही त्यानं केला नाही. हितेश पहिलं वाक्य काय बोलेल ते त्याला माहीत होतं. एवढे दिवस ह्याच गाडीवर शिकवतोयस? ते ऐकायला लागू नये म्हणून तो गॅरेजच्या रस्त्यानं जाणंसुद्धा टाळू लागला. शिरवण्याला घरी जाताना लांबचा वळसा घ्यायचा.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी पुतळाची टेस्ट होती. ती कडक इस्त्रीची हिरवी नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली. "आज जेट्टीवर सांगून आले मास्तर सगल्यांना. लायसन घेऊनच येते बोलले."

टेस्टच्या मैदानावर रांग होती. त्यांचा नंबर यायला बारा वाजून गेले. पत्र्यासारखं तापलेलं ऊन, आणि गाडी सकाळपासून रांगेत पुढे-पुढे सरकत होती. धर्मा कुंपणाशी इतर मास्तरांबरोबर उभा राहिला. पुतळानं गाडी सुरू केली, आठचा आकडा सुरेख काढला. एक मास्तर म्हणालासुद्धा, "बाईचा हात चांगलाय, धर्मा." मग चढावर तिनं गाडी थांबवली, आणि ती बंद पडली. तिनं पुन्हा लावली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी लागलीच नाही. पुतळानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सरळ समोर बघत बसून राहिली. धर्माला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त गजरा दिसत होता.

"महिन्याभराच्या प्रॅक्टिसनंतर या पुन्हा," इन्स्पेक्टर म्हणाला. तो काही वाईट बोलला नाही.

परत येताना गाडी धर्मानं चालवली. पुतळा मागे बसली. नेरूळ स्टेशनाशी उतरल्यावर ती त्याच्या खिडकीशी आली.

"मास्तर, तुमचं नाव घालवलं मी," ती म्हणाली. "अंकुशशेट बोलत व्हते, अकरा वर्सांत कोनी नापास नाय झालं. माज्यामुले झालं. माफ करा."

ती पहिल्यांदाच त्याला 'तुमचं' म्हणाली होती.  "तसं काय नाय ताई," एवढंच त्याला म्हणता आलं. ती पायऱ्या चढून स्टेशनात गेली. एका पायानं किंचित लंगडत होती.

मे महिन्यात ती आली नाही. तिनं फोनही उचलला नाही.

मनस्वी नावाची एक मुलगी त्या महिन्यात धर्माकडे शिकत होती. खारघरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला, एकोणीस वर्षांची, बोलायला फटकळ. तिचे शेवटचे दिवस होते म्हणून धर्मानं तिला उरण फाट्याच्या पुलावर नेलं. सकाळचे अकरा. पुलाचा चढ अर्धा चढला आणि इंजिन बंद झालं. मागे कंटेनरचा ट्रेलर होता. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. धर्मानं हँडब्रेक ओढला, हात बाहेर काढून जोरजोरात हलवला, आणि ट्रेलर हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की गाडी हलली. मग सगळं शांत झालं. दोघं कडेला उभ्या गाडीत बसून राहिली.

धर्मानं हँडब्रेक परत एकदा ओढून बघितला. आणि तरी तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य आलं ते हेच. "तू क्लच..."

"नाही सर," मनस्वी म्हणाली. ती फिकी पडली होती, पण आवाज स्पष्ट होता. "मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. क्लचला पायच लावला नव्हता. आरपीएमचा काटा आधी शून्यावर पडला, मग गाडी थांबली. मी बघत होते. आणि हा इंजिनाचा दिवा पहिल्या दिवसापासून लागलाय." ती त्याच्याकडे वळली. "तुमचा पाय असतो ना सर क्लचवर? तुम्हाला कळलं असेलच."

धर्मानं त्या पिवळ्या दिव्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं महिन्याभरात जे बघितलं होतं ते पन्नाशीच्या बाईनंही बघितलं असणार. तिचाही पाय तिला खरं सांगत होता. फक्त मास्तर खोटं बोलत असेल असं तिच्या मनात आलं नाही, इतकाच फरक. आणि हिच्या जागी आज ती असती, मागे तोच ट्रेलर असता, तर मरतानासुद्धा ती 'चुकले' म्हणाली असती. 

"गाडी खराब आहे," तो म्हणाला. "सेन्सर गेलाय. मला दोन महिने माहीत आहे."

मनस्वीनं त्याच्याकडे बघितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही. तिनं फक्त सीटबेल्ट काढला आणि म्हणाली, "मी रिक्षानं जाते सर." ते जास्त वाईट होतं.

गाडी थंड झाल्यावर तो तिथून सरळ हितेशकडे गेला. हितेश पहिलं वाक्य तेच बोलला. धर्मानं ऐकून घेतलं. पार्ट मार्चपासून कपाटात पडून होता. हितेशनं बोनेट उघडलं, एक बोल्ट काढला, बोटाएवढा काळा तुकडा बाहेर ओढला, नवा बसवला. वीस मिनिटं लागली.

"एवढंच?" धर्मानं विचारलं.

"एवढंच. पार्ट यायला दोन दिवस, बाकी काय." हितेशनं जुना सेन्सर त्याच्या हातावर ठेवला. धर्मानं तो तिथल्याच भंगाराच्या डब्यात टाकला.

घरी जेवताना त्यानं दमयंतीला, बायकोला, सगळं सांगितलं. पुलाचं आधी, मग पुतळाचं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"त्या बाईला सांगितलंस?"

"गाडी आता दुरुस्त झाली. अंकुशशेठला सांगून आलो. तो बोलला, तिला फोन करून बोलव, परत टेस्ट देऊ. गाडीचं काय बोलू नको बोलला, स्कूलचं नाव जाईल."

"मी शेठचं नाय विचारलं," दमयंती म्हणाली.

शनिवारी तो मोऱ्याला गेला. पुतळाचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात व्हॅन उभी होती, नुकतीच धुतलेली, आतला गाळ खरवडून काढलेला. कान्हा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, एक हात मांडीवर निपचित. पुतळा आतून आली. धर्माला बघून तिनं घाईनं पदर सावरला.

"मास्तर! बसा. सांगायला यायचं व्हतं मना, पन तोंड नाय झालं. उद्या करंजा गावचा एक मानूस येनार हाय, व्हॅन इकत न्यायला. म्हटलं उगाच अंगनात सडते. आपल्याच्यानं नाय व्हायाचं."

धर्मा बसला नाही. वाटेत त्यानं बरीच वाक्यं जुळवली होती. गाडीत थोडा प्रॉब्लेम होता, नंतर लक्षात आलं, अशी. ती सगळी त्यानं तिथंच सोडून दिली.

"ताई, तुम्ही क्लच कधीच नाय सोडलात," तो म्हणाला. "एकदाही नाय. गाडीचा सेन्सर गेला होता. गरम झाली की बंद पडायची. मला ठाव होतं."

पुतळा उभीच होती. 

"कवापासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"त्या सिग्नलला?"

"होय."

"तुजा पाय माज्या पायाखाली व्हता," ती म्हणाली. 'तुमचा' गेलं होतं, 'मास्तर'ही गेलं होतं. "मी दाबून धरला व्हता बोलले तुना. तू बोललास, असं वाटतं."

"होय."

ओट्यावरून कान्हानं काहीतरी म्हटलं. त्याचे शब्द चोथा झाल्यासारखे यायचे, धर्माला कळले नाहीत. पुतळानं त्याच्याकडे न बघता ते समजावलं. "तो बोलतं, मी सांगत व्हतो. रोज बसून बगायचा नं. तुजा पाय बरोबर पडतं, बोलायचा. मी बोलायची, तू गप बस, तुना काय कलतं, मास्तर सांगतं चुकतं त चुकतं." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तीस वर्सं गाडी चालवली त्यानं. त्याचं नाय आयकलं मी. तुजं आयकलं."

धर्माला वाटलं होतं, ती शिव्या देईल. शिव्यांची तयारी करून तो आला होता. ह्याची नव्हती. कान्हा त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत रागही नव्हता, फक्त एका ड्रायव्हरनं दुसऱ्याकडे बघावं तसं काहीतरी होतं. धर्मानं मान खाली घातली.

"माफ करा, ताई," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"हितं नको," पुतळा म्हणाली. तिनं चपला घातल्या. "चल."

ती त्याला जेट्टीवर घेऊन गेली. कापडाच्या छपराखाली सात-आठ बाया कोळंबी निवडत बसल्या होत्या. मुंबईची लाँच नुकतीच लागली होती, माणसं उतरत होती. पुतळा त्या बायांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे माजे मास्तर. ह्यांना कायतरी सांगायचं हाय." आणि बाजूला झाली.

धर्मानं सांगितलं. एरवी पन्नास माणसांसमोर न अडखळता बोलणारा तो, चार वाक्यांत तीनदा अडखळला. एक म्हातारी कानावर हात ठेवून म्हणाली, "काय बोलतं तो?" आणि दुसरीनं तिला मोठ्यानं सांगितलं, "बोलतं, पुतलाचा काय दोस नवता, गाडीच खराब व्हती नं ह्याला ठाव व्हतं!" म्हणजे त्याला ते परत ऐकावं लागलं, दुसऱ्याच्या तोंडून, जास्त स्पष्ट. लाँचमधून उतरलेली दोन माणसं थांबून बघायला लागली. एक तरुण बाई हसली. म्हातारी हसली नाही. "मंग आता कशाला आला?" तिनं विचारलं. 

पुतळा त्याला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. फक्त एवढं म्हणाली, "मना परत टेस्ट द्यायची हाय. पन दुसरा मास्तर पायजे."

सोमवारी धर्मानं ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं. अंकुशशेठ त्याच्यावर तापला, मग दोन दिवसांनी गप्प झाला. ट्रेलरचं ऐकल्यावर त्याचाही रंग उडाला होता. निखिलनं पुतळाला घेतलं. 'बंद ताई' हा शब्द त्यानं परत काढला नाही. सहा दिवस तिनं त्याच पांढऱ्या गाडीवर, त्याच अकराच्या उन्हात, सराव केला. धर्मा त्या वेळेत पायीच कुठंतरी निघून जायचा, चहाच्या नावाखाली. एकदा मात्र तो वळणावर असताना ती समोरून गाडी घेऊन आली. तिनं त्याला बघितलं, इंडिकेटर दिला, आणि वळली.

करंज्याचा माणूस व्हॅन न घेताच परत गेला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुतळा पास झाली.

त्या दिवशी निखिल पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आला. "पुतळाताईंनी दिलाय," तो म्हणाला आणि सगळ्यांपुढे फिरवला. अंकुशशेठनं दोन घेतले. हिशेब लिहिणाऱ्या बाईनं एक घेतला. मग पुडा धर्मासमोर आला.

"मला नको," धर्मा म्हणाला. "डॉक्टरनी गोड बंद केलंय."

निखिल "बरं" म्हणून पुढे सरकला. धर्मानं टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढला, पुढच्या शिकणाऱ्याचं नाव बघितलं. मग त्यानं रजिस्टर मिटलं.

"निखिल," त्यानं हाक मारली. सगळ्यांनी वर बघितलं. "डॉक्टरनी काय बंद नाय केलं. मला घ्यायला लाज वाटते, म्हणून नको."

 निखिलनं पुडा बंद करून कपाटावर ठेवला. बाहेर पुढची शिकणारी येऊन उभी होती, नवीन सून, हातात लर्निंग लायसन घट्ट धरून. धर्मानं टोपी घातली आणि तो चावी घेऊन बाहेर गेला.